ओहळावर एक दगड उरला

आमच्याकडे डोंगरावर फिरायला नेणारी बाई सगळ्यांच्या मागून चालते, हे कळलं की पाहुणे आधी हसतात आणि मग मलाच शहाणपण शिकवतात. "अहो, गाइड पुढे असतो." मी सात वर्षं एकच उत्तर देत आलो, की पुढची वाट सगळ्यांना दिसते, मागचं माणूस कोणाला दिसत नाही. वाक्य माझं नाही, जनीबाईंचं आहे. मी ते पोपटासारखं म्हणायचो. त्याचा अर्थ मला गेल्या ऑक्टोबरात कळला.

मी मिलिंद. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी सोळा खोल्यांचं एक रिसॉर्ट आहे, तिथला मॅनेजर. घर मोहोपाड्याला. वडील तिथल्याच एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला होते. धोक्याचा भोंगा वाजला की कामगार मैदानात जमायचे आणि वडील यादी घेऊन एकेका नावावर खूण करायचे. यादी पुरी झाली की माणूस निर्धास्त, असं ते घरीसुद्धा म्हणायचे, बाजारच्या पिशवीबद्दलही. मी त्यांचाच मुलगा. हातात यादी आणि खिशात पेन नसेल तर मला उघड्यावर आल्यासारखं वाटतं.

जनीबाई निरगुडे आमच्या शेजारच्या ठाकूरवाडीतल्या. वय साठीच्या आसपास. आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी, जशी वाडीतल्या निम्म्या माणसांची असते. अंगाने काटकुळ्या, लुगडं गुडघ्यावर घट्ट कसलेलं, पायात प्लास्टिकचे बूट आणि हातात लांब दांड्याची काळी छत्री. पूर्वी त्या आमच्या फाटकाबाहेर करवंदं आणि रानभाज्या घेऊन बसायच्या. पाहुणे भाजी घ्यायचे नाहीत, वाट मात्र त्यांनाच विचारायचे. एकदा दोघं नवराबायको कोणाला न सांगता डोंगरावर गेली आणि चुकली. जनीबाई टोपली तशीच टाकून वर गेल्या आणि दोघांना कोकरांसारखं हाकत खाली घेऊन आल्या. त्या दिवशी मी मालकांना सांगून त्यांना कामावर घेतलं.

सैर अगदी सोपी आहे. मागच्या फाटकातून निघायचं, भाताच्या बांधावरून पाच मिनिटांत ओहळ, ओहळ ओलांडला की कारवीच्या झुडपांतून सावकाश चढण, आणि पाऊण तासात वरचा माळ. गुडघे दुखणाऱ्या आज्याही जाऊन येतात. वरून समोर माथेरानचा डोंगर दिसतो, खाली नेरळकडच्या नव्या इमारती दिसतात, पाहुणे फोटो काढतात आणि उतरतात. दम लागत नाही, भीती वाटत नाही. आमच्या पत्रकात 'सर्व वयोगटांसाठी' असं छापलंय, ते खोटं नाही.

जनीबाईंची एकच अट होती, दगडाची. त्यांच्या वाडीतल्या बाया फाट्याला, म्हणजे सरपणाला, किंवा भाजीला डोंगरावर निघाल्या की ओहळाशी थांबतात. प्रत्येकीने पाण्यातला एक दगड उचलायचा आणि अलीकडच्या कातळावर ठेवायचा. परत येताना आपापला दगड उचलून पाण्यात टाकायचा. कातळावर दगड उरला तर कोणीतरी वर आहे, आणि ते खाली येईपर्यंत घरी जायचं नाही. लिहिता न येणाऱ्या माणसांची ही हजेरी. जनीबाईंनी ती आमच्या पाहुण्यांनाही लावली. पोरांना ते फार आवडायचं. वाघ्या नावाचा त्यांचा कुत्रा सोबत असायचा, त्याचाही एक दगड असायचा. तो जनीबाईच ठेवायच्या आणि त्याच टाकायच्या. स्वतःचा दगड त्या सगळ्यांच्या शेवटी टाकायच्या.

मला हा प्रकार गंमत म्हणून ठीक वाटायचा. खरी मोजणी माझ्या यादीत असायची. सैर परत यायच्या वेळी मी ओहळाशी उभा राहायचो, नावांवर खुणा करायचो आणि खाली 'सर्व परत' लिहून सही करायचो. जनीबाईंकडे बघून मी मनात म्हणायचो, चालू द्या तुमचं दगडधोंड्यांचं.

पाहुण्यांबरोबर चहा घेताना त्या एक गोष्ट हमखास सांगायच्या. त्यांना एकदा ट्रकवाला विसरला होता! तेव्हा त्या आठ-नऊ वर्षांच्या असतील. दिवाळीनंतर वाडीतली कुटुंबं गवत कापायला पडघ्याकडे जायची. एका माळावरचं गवत संपलं की मुकादम सगळ्यांना ट्रकमध्ये घालून दुसऱ्या माळावर न्यायचा. निघताना तो माणसं मोजायचा नाही, विळे मोजायचा. प्रत्येक कापणाऱ्याचा विळा ट्रकमध्ये पडला की झाली मोजणी. जनी लहान भावंडं सांभाळायची. तिच्याकडे विळा नव्हता. ती गवताच्या गंजीमागे झोपली होती आणि ट्रक निघून गेला. आईला वाटलं पोरगी पुढच्या ट्रकमध्ये आहे. दोन रात्री ती त्या माळावर एकटी होती. तिसऱ्या दिवशी बाप चालत चालत परत आला तेव्हा ती गंजीत शिरून बसलेली सापडली.

"इळे पुरे झाले, मुकादम बोल्ला चला," जनीबाई हसत हसत सांगायच्या. "माझ्याकडं इळा नव्हता ना, म्हून मी माणसातच नव्हते!"

पाहुणे हसायचे. मीही हसायचो. सात वर्षांत ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल आणि शंभरदा हसलो असेन. आता लिहिताना लाज वाटते, पण हसलो ते हसलो.

त्या शनिवारी मुंबईहून एक मोठं कुटुंब आलं होतं. आजोबांना, म्हणजे अप्पांना, पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून त्यांच्या मुलाने, देवेशने, सगळ्या नातेवाइकांना जमवलं होतं. देवेश माणूस वाईट नव्हता. वेटरशी नीट बोलायचा, लहान पोरांना खांद्यावर घेऊन फिरायचा. दुपारी साडेतीनला सैर होती आणि साडेपाचला हिरवळीवर केक. सैरीला सतरा नावं होती. अप्पा म्हणाले, मीपण येणार. वर बसायला त्यांना आरामाचं काही हवं, म्हणून देवेशने गाडीतली घडीची खुर्ची काढली आणि ड्रायव्हरच्या हातात दिली.

ओहळाशी सगळे दगड निवडत होते. कोणाला गोल हवा, कोणाला पांढरा. ड्रायव्हर खुर्ची डोक्यावर धरून बाजूने पुढे चालला होता. पन्नाशीचा, सडपातळ, पांढरा शर्ट आणि पायात ऑफिसचे बूट.

"ए खुर्चीवाल्या," जनीबाईंनी हाक मारली. "तुझा दगड?"

"मी पाहुणा नाही, मावशी. मी ड्रायव्हर आहे."

"पाय हायेत ना तुला? मग उचल."

तो अवघडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं. मी यादीत नावं तपासत होतो. मीच म्हणालो, "ठेवा हो, ठेवा. त्याशिवाय त्या सोडायच्या नाहीत." त्याने वाकून एक दगड उचलला आणि कातळाच्या अगदी कडेला, बाकीच्यांपासून जरा लांब ठेवला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ही गोष्ट पुढे कितीदा आठवली याला गणती नाही.

सव्वापाचच्या सुमाराला मंडळी परत आली. परतीच्या पावसाचे ढग भराभर चढत होते, माथेरानकडे वीज चमकत होती, म्हणून सगळ्यांची घाई चालली होती. दगड धपाधप पाण्यात पडले. पोरांनी एकमेकांना भिजवलं. मी खुणा केल्या. सतरापैकी सतरा. 'सर्व परत, ५.२०' असं लिहिलं, सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मंडळी केकच्या ओढीने बांधावरून निघून गेली. मीही निघालो, पण जनीबाई कातळापाशी तशाच उभ्या होत्या.

"दादा, एक ऱ्हायला."

"कोण राहिला? सतरा गेले, सतरा आले."

"दोन दगड हायेत. एक माझा हाय."

"पोरांनी कोणी दोन-दोन ठेवले असतील."

"मी एकेकाचा हात बघत हुते."

"मग वाघ्याचा असेल!"

"वाघ्याचा मी आत्ता टाकला, तुझ्या म्होरं." त्यांनी कडेच्या दगडावर बोट ठेवलं. "त्यो खुर्चीवाला कुटं हाय?"

"कोण खुर्चीवाला?" मी विचारलं. खरंच विचारलं. दोन तासांपूर्वी ज्याच्याशी बोललो, तो माणूस माझ्या डोक्यातून पुसला गेला होता. मग आठवलं आणि मला हसूच आलं. "अहो, तो ड्रायव्हर होय! तो गाडीत झोपला असेल. ड्रायव्हर लोकांचं तेच असतं."

"त्यानं ह्यो ओहळ वलांडला नाय."

मग त्यांनी सांगितलं ते असं. उतरताना मध्यावर उंबराचं झाड आहे, तिथे वाटेत एक उंच पायरीसारखा खडक आहे. तिथे अप्पांचा पाय अडखळला म्हणून जनीबाईंना पुढे बोलावलं. त्यांनी अप्पांचा हात धरून त्यांना उतरवलं आणि मागे वळून विचारलं, सगळे हायेत का? चार-पाच जण एकदम म्हणाले, हो हो, सगळे आहेत, चला, पाऊस येतोय.

"मी इच्यारलं आनि ऐकून घेतलं," जनीबाई म्हणाल्या. "जलमभर दगड मोजले मी, आनि आज तोंडाच्या बोलण्यावर खाली आले."

मला आता राग यायला लागला होता. केकचा फोटोग्राफर आला की नाही ते बघायचं होतं, जेवणाचं बघायचं होतं, आणि ही बाई एका दगडासाठी अडून बसली होती. मी यादी त्यांच्या नाकासमोर धरली. वाचता येत नाही हे माहीत असूनही धरली. "हे बघा. माझी सही आहे याच्यावर. माझी मोजणी चुकत नाही."

जनीबाईंनी यादीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"इळे मोजलेस तू, दादा."

एवढंच म्हणाल्या. ओहळाकडे वळल्या, खाली वाकल्या, आणि मी तरातरा बांधावरून निघालो. डोकं तापलं होतं. गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरला उठवून, हाताला धरून यांच्यासमोर उभा करतो, असं ठरवूनच निघालो होतो.

हिरवळीवर सगळे जमले होते. मी देवेशला बाजूला घेतलं आणि ड्रायव्हर कुठे आहे विचारलं. "चंदर? गाडीत असेल ना," असं म्हणत त्याने फोन लावला. पलीकडे पार्किंगमधून घंटी ऐकू आली. "बघा," तो हसला, "झोपलाय." फोन वाजत राहिला. आम्ही दोघं चालत तिकडे गेलो. फोन अजून वाजत होता. मी काचेतून आत डोकावलो. फोन चार्जरला लावलेला होता, त्याचा पडदा उजळला होता, पुढची सीट रिकामी होती, मागची रिकामी होती. गाडीला कुलूप होतं.

देवेशचा हात कानावरून खाली आला.

"मी पाठवलं त्याला," तो म्हणाला. "उंबरापासून. खुर्ची वरच राहिली होती. मी म्हटलं, जा, घेऊन ये." त्याने फोन बंद केला. "मीच पाठवलं. आणि मीच म्हणालो, सगळे आहेत."

त्याला ओरडावं असं मला वाटलं, पण कोणत्या तोंडाने ओरडणार? माझ्या खिशात ती यादी होती. तिच्यावर 'सर्व परत' लिहिलेलं होतं. माझ्या रजिस्टरमध्ये ड्रायव्हरांची नोंद होती, ती जेवणाच्या पानावर, 'ड्रायव्हर – ३, नंतर' अशी. माणसं म्हणून नव्हतीच. वडिलांच्या कंपनीतही यादीबाहेर रोज किती लोक आत असतील, हा विचार मला पहिल्यांदा त्या पार्किंगमध्ये शिवला.

"दुसरी गाडी घेऊन बांधाच्या तोंडाशी या," एवढं देवेशला सांगून मी टॉर्च घेतला आणि धावत सुटलो. ओहळ कसा ओलांडला आठवत नाही. पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. जनीबाई मला उंबरापाशी सापडल्या. त्या उभ्या राहून दोन वाटांकडे बघत होत्या. एक अरुंद, आमची. दुसरी डावीकडची, गुरांची, चांगली ऐसपैस. मी आलो याचं त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही.

"नवा मानूस रुंद वाट धरतो," त्या म्हणाल्या. "डोक्यावर खुर्ची, खालचं दिसत नाय. ह्या वाटंनं गेलाय."

गुरांची वाट पुढे घळीत उतरते, हे मला माहीत होतं. पावसाळ्यात तिथे एक गाय पडून मेली होती. जनीबाईंनी तोंडाला हात लावून लांब हाळी दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. उत्तर नाही. विजेच्या उजेडात कारवी क्षणभर पांढरी झाली, परत काळी झाली, आणि माझ्या मनात नको नको ते आलं. एवढ्यात खालून वाघ्या भुंकायला लागला.

चंदर घळीच्या तोंडाशी, एका खडकाला टेकून बसला होता. उजवा पाय घोट्यापाशी भलताच वळलेला होता आणि सुजून बूट फाटायला आला होता. डोक्यावर त्याने ती खुर्ची उलटी धरली होती, पाऊस लागू नये म्हणून. टॉर्चचा झोत पडला तसे त्याने डोळे मिचकावले, आणि पहिलं काय म्हणाला असेल? "खुर्चीला काही झालेलं नाही."

मी एकदम ओरडलोच. "अहो, हाक का मारली नाहीत? एवढ्या हाळ्या दिल्या आम्ही!"

"मारल्या ना आधी चार-पाच. मग म्हटलं, खाली केक असेल, सगळे त्यात असतील. आत्ता तुमची हाळी ऐकली, पण वाटलं कोणी गुराखी असेल, गुरं बोलावत असेल."

"मग काय करणार होतात?"

"उद्या अकराला निघायचंय," तो म्हणाला. "गाडी काढायची वेळ झाली की शोधतील ना."

हे त्याने गाडीची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने सांगितलं. राग नाही, तक्रार नाही. घळीत, मोडक्या पायाने, पावसात बसून त्या माणसाने हिशोब केला होता की आपली आठवण कधी होईल, आणि त्याचं उत्तर आलं होतं, उद्या अकरा वाजता. मी आयुष्यात बरंच ऐकलंय. कंपनीतल्या अपघातांच्या गोष्टी ऐकत मी वाढलो. पण त्या एका वाक्याने मला जेवढं हादरवलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

"एक रात्र तर काढायची होती," तो म्हणाला, उलट मलाच समजूत घातल्यासारखा.

जनीबाई मटकन खाली बसल्या. सात वर्षांत त्यांना वाटेत बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराने त्याचं तोंड पुसलं.

"नको रं बाबा," त्या म्हणाल्या. "मी काढल्यात दोन."

त्या हसत नव्हत्या. तेव्हा मला कळलं, की चहाबरोबर हसत सांगायची ती गोष्ट मुळात हसण्याची कधी नव्हतीच, आणि आम्ही शंभरदा हसलो होतो.

त्याला खाली आणायला तासभर लागला. सपाटीला तो आमच्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून एका पायाने लंगडत यायचा. अवघड जागी आम्ही त्याला त्याच खुर्चीत बसवायचो, मी पुढून धरायचो, जनीबाई मागून. आयुष्यभर फाट्याचे भारे वाहिलेल्या त्या बाईचा हात एकदाही हलला नाही, माझे मात्र दोन्ही हात भरून आले. चंदर दर खेपेला म्हणायचा, "मॅनेजरसाहेब, सोडा, मी चालतो." शेवटी जनीबाई डाफरल्या, "गप ऱ्हा रं. आज तू पावना."

ओहळाच्या अलीकडे टॉर्च हलत होते. देवेश होता, दोन वेटर होते, आणि छत्री धरून अप्पाही आले होते. केक तसाच राहिला होता. आम्ही चंदरला पाण्यातून पार आणलं आणि लोक त्याला धरायला पुढे झाले, तोच जनीबाईंनी छत्री आडवी धरली.

"आदी दगड."

त्यांनी कडेचा दगड उचलून चंदरच्या हातात दिला. त्याने तो पाण्यात टाकला. मग तो देवेशकडे वळला. "साहेब, खुर्ची," म्हणाला. देवेशने खुर्ची घेतली नाही. त्याने चंदरच्या बगलेत हात घालून त्याला उचललं, आणि त्याचे खांदे गदगदत होते ते टॉर्चच्या उजेडातही दिसलं.

चंदरला बांधाच्या तोंडाशी नेऊन गाडीत बसवलं आणि मी कर्जतला हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून पेशंटचं पूर्ण नाव विचारलं. मी देवेशकडे बघितलं. देवेशने अप्पांकडे बघितलं. अकरा वर्षं हा माणूस त्यांची गाडी चालवत होता. शेवटी चंदरच गाडीच्या मागच्या सीटवरून म्हणाला, "चंदर लहानू भोईर. वय चौपन्न." अप्पांनी मान खाली घातली. मग न सांगता त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि गाडी निघाली.

बांधावर अंधार झाला. वेटर दिवे घेऊन पुढे गेले होते. जनीबाई ओहळाशीच थांबल्या होत्या, म्हणून मी परत तिकडे गेलो आणि सहज टॉर्च कातळावर फिरवला.

दोन दगड होते.

एक जनीबाईंचा. आणि दुसरा? मी त्या दगडाकडे बघतच राहिलो. कोण राहिलं अजून? दुसरा ड्रायव्हर? एखादं पोर? स्वयंपाकातली बाई? मी खिशातून यादी काढली. ती भिजून लगदा झाली होती. "जनीबाई," मी ओरडलो, "अजून कोण आहे वर? कोण राहिलं?"

"वर कोन नाय," त्या म्हणाल्या. "त्यो तुझा हाय."

"माझा? मी ठेवलाच नाही."

"मी ठेवला."

मला आठवलं, मी तरातरा निघालो तेव्हा त्या ओहळाशी वाकल्या होत्या. "पण मी तर तेव्हा गाडीकडे चाललो होतो. तुम्हाला खोटं पाडायला."

"हां. पन तू येनार, म्हाईत हुतं मला."

सात वर्षं मी या ओहळाशी उभा राहून माणसं मोजत होतो. मला कोणी मोजलेलं नव्हतं, आणि मोजावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. मी तो दगड उचलला. ओला होता, मुठीएवढा होता, त्याच्यात काही विशेष नव्हतं. तो हातातून सुटेना. मी रडत होतो, आणि पाऊस होता म्हणून बरं झालं.

जनीबाई स्वतःचा दगड हातात घेऊन थांबल्या होत्या. वाघ्या बांधावर पुढे जाऊन मागे वळून बघत होता.

"टाक रं दादा," त्या म्हणाल्या. "तू टाकल्याबिगर मला माझा टाकता येत नाय."